रिकाम्या जागी काश्यप

आधीच सांगते, कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही. आता नशीब बघा, तशी दोन माणसं माझ्याच घरात. एक आमची मोहना, अलकापुरीतल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर. दुसरे आमचे हे. ह्यांना कॉम्प्युटर चालवता येत नव्हता, पण कोयलीच्या रिफायनरीत जन्म घालवलेला माणूस, त्यामुळे 'स्टँडर्ड' हा शब्द कानावर पडला की ह्यांच्या अंगात येतं. ह्यांचं नाव भास्करराव. मी ते उखाण्यापुरतंच घेते, पण गोष्ट सांगायची तर तुम्हाला कळायला हवं.

साल दोन हजार तीन. शाळेतून निवृत्त झाल्यावर बडोद्याचं मराठी वधूवर मंडळ मी आमच्या कारेलीबागेतल्या हॉलमधून चालवत होते. बडोद्यात मराठी माणसं किती आणि त्यांतली लग्नाची किती! म्हणून इंदूर, पुणे, नागपूर, ग्वाल्हेर इथल्या मंडळांशी आमची देवाणघेवाण चालायची. कुरियरनं गठ्ठे यायचे, गठ्ठे जायचे. आणि त्यात गोंधळ किती म्हणून सांगू? इंदूरवाले उंची सेंटिमीटरमध्ये लिहायचे, नागपूरवाले फुटांत, आणि ग्वाल्हेरवाले 'मध्यम' लिहून मोकळे. वरून फोनवरच्या दुरुस्त्या. एका मुलीची उंची बडोद्याहून नागपूरला पोचेपर्यंत दोन इंचांनी वाढली होती. मध्ये तिच्या आत्याचा फोन होऊन गेला होता.

एक दिवस मी कार्डं आपटून म्हटलं, "बंद करते हे मंडळ. करा म्हणावं ज्याची त्यानं प्रेमलग्नं!"

"आई, थांब," मोहना म्हणाली. "एक्सएमएल करू या."

"ते काय असतं? खायचं की लावायचं?"

ती मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. "हे बघ, तुझ्या डब्यांवर चिठ्ठ्या आहेत ना? हळद, जिरं, मोहरी. प्रत्येक मंडळानं आपल्या माहितीवर अशाच, एकाच नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या. त्याला टॅग म्हणतात. 'उंची' असा टॅग उघडायचा, आत उंची लिहायची, टॅग बंद करायचा. मग ती फाईल इंदूरला जावो नाहीतर ग्वाल्हेरला, तिथल्या मशीनला कळतं की ही उंची. समज, इंदूरच्या काकूंच्या घरी पण ह्याच चिठ्ठ्या असल्या, तर तू डोळे मिटून त्यांच्याकडे फोडणी देशील की नाही?"

"दुसरीच्या घरी मी कशाला फोडणी देऊ?" मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर मला पटलं होतं.

ह्यांना तर माझ्या आधी पटलं. "अगं, हेच तर पाइपांचं असतं! जपानचा पाइप, कोयलीचा पंप, पण दोघांच्या तोंडाचं माप एकच. जुळलंच पाहिजे!" म्हणून हे चष्मा लावून मोहनाशेजारी खुर्ची ओढून बसले, ते तीन महिने उठले नाहीत.

मोहनाबद्दल एक सांगायचं राहिलं. ती आमच्या पोटची नाही. दुपट्यात गुंडाळलेली असताना आम्ही तिला आश्रमातून आणली. लपवाछपवी कधी केली नाही, तिच्याशीही नाही आणि लोकांशीही नाही. ती रागावली की माझ्यासारखी दिसते असं सगळे म्हणतात. बिचारीचं दुर्दैव, दुसरं काय!

तर चारही गावच्या मंडळांची माणसं एका रविवारी आमच्या हॉलमध्ये जमली, सगळ्यांचे टॅग ठरवायला. मी सेव-उसळ केली होती, नाहीतर त्या दिवशी मारामारीच व्हायची. 'रंग' हा टॅग ठेवायचा की नाही यावरून पुणेकरांनी दोन तास घेतले. शेवटी मोहनानं तो काढून टाकला आणि म्हणाली, "फोटो जातोय ना, मग बघणाऱ्याला डोळे आहेत." इंदूरच्या दुर्गाताई एकट्याच टाळ्या वाजवत सुटल्या. दुर्गाताई म्हणजे इंदूरच्या मंडळाच्या प्रमुख, एकदम करारी बाई. सोबत त्यांचा मुलगा सौमित्र आला होता. तिकडचं कॉम्प्युटरचं काम तो बघणार होता.

आमच्या ह्यांनी त्या दिवशी दोन नियम घातले. पहिला, जिची माहिती तिनंच भरायची. ज्याची त्यानंच भरायची. आईबापांनी, मामा-मावश्यांनी हात लावायचा नाही, आणि एकदा गेलेल्या फाईलमध्ये तोंडी बदल चालणार नाही. बदल हवा असेल तर त्याच माणसानं स्वतः पुन्हा भरून फाईल पाठवायची. हा नियम मला आवडला, आत्यांचे फोन तरी बंद होणार.

दुसरा नियम गोत्राचा. पुष्कळ मुलांना गोत्र माहीत नसतं. हल्लीच्या कशाला, माझ्या भावालाच त्याच्या लग्नात गुरुजींनी विचारलं तेव्हा त्यानं आईकडे बघितलं होतं. मोहना म्हणाली, "नसेल माहीत तर रिकामं राहू दे."

"छे छे छे!" हे म्हणाले. "रिकामं काही ठेवायचं नाही. रिफायनरीत व्हॉल्व्ह चालवणारी हवा गेली तर त्यानं उघडं राहायचं की बंद व्हायचं हे आधीच ठरलेलं असतं. ठरवलं नाही तर स्फोट. आपल्यात ठरलेलंच आहे की! ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप."

सगळ्या माना डोलल्या, कारण ही रीत सगळ्यांनाच ठाऊक. पूजेला बसलेला माणूस गोत्र आठवेना म्हणाला की गुरुजी काश्यप म्हणून पुढे जातात. मोहनानं तसं लिहून टाकलं. म्हणजे फाईल जिकडे पोचेल तिकडचं मशीन रिकामा टॅग दिसला की आपणहून त्यात काश्यप घालणार. इकडे आम्हाला ती जागा रिकामीच दिसणार, पण तिकडे वाचणाऱ्याला दिसणार काश्यप. हे मला मागाहून कळलं.

पुढचे काही महिने मोहना आणि सौमित्र ई-मेलवर भांडत होते. टॅगांवरून हो! 'शिक्षण'च्या पोटात 'पदवी' घ्यायची की शेजारी ठेवायची, असले वाद. ही ऑफिसातून यायची, बूट न काढता कॉम्प्युटर लावायची, तो मोडेम कोंबड्यासारखा आरवायचा, आणि पत्र वाचून ही एकटीच हसायची. भांडणाची पत्रं वाचून कोणी असं हसतं का? मी काही दुधखुळी नाही. मग तो कामाचं निमित्त काढून दोनदा बडोद्याला आला, आणि काम म्हणजे कमाटीबागेत दोन-दोन तास फिरणं. दुसऱ्या खेपेला मोहना घरी आली ती सरळ माझ्या गळ्यातच पडली.

मी दुर्गाताईंना फोन लावला. मोहना आम्ही आणलेली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुलगी मला टाळ्या वाजवल्या त्या दिवशीच आवडली. पण सरोजिनीबाई, मी मंडळाची प्रमुख. माझ्या मुलाचं मागच्या दारानं जमवलं तर लोक काय म्हणतील? दोघांच्या फायली रीतसर येऊ देत. एक सांगून ठेवते. बाकी सगळं सोडीन, पण सगोत्र मात्र मला चालत नाही. आम्ही काश्यप."

"आम्ही भारद्वाज," मी म्हटलं. "काळजीच नको." आणि त्याच संध्याकाळी पाव किलो पेढे आणले.

दसऱ्याला पहिली देवाणघेवाण झाली. बडोद्यातल्या सगळ्या मुलामुलींच्या फायली एका दमात चारही गावांना गेल्या. ह्यांनी कॉम्प्युटरला झेंडूचं फूल वाहिलं. दोन दिवसांनी पुण्याहून फोन आला. "अहो, तुमच्या बडोद्यात सगळेच काश्यप आहेत का हो? आमच्याकडच्या काश्यपांशी तुमचं एकही स्थळ जुळेना, मशीन सगळ्यांना सगोत्र म्हणतंय." पाठोपाठ नागपूर. मग ग्वाल्हेर. त्यांच्या पोरांनीही गोत्राची जागा रिकामीच सोडलेली, म्हणजे तेही काश्यप. निम्मा मराठी समाज एका रात्रीत एकमेकांचा भाऊबहीण झाला!

"बघा तुमचा व्हॉल्व्ह!" मी ह्यांच्यावर तोंडसुख घेतलं. "म्हणे स्फोट होईल. हा काय कमी झाला?"

हे आपले पेपरात डोकं घालून बसले. मला हसू येत होतं, खोटं का बोला. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. दुर्गाताई.

"सरोजिनीबाई," त्यांचा आवाज पडलेला होता. "मोहनाची फाईल आली. काश्यप आहे हो. तुम्ही तर भारद्वाज म्हणाला होता. टॅग बनवणारी पोर काही जागा रिकामी सोडायची नाही. मला वाटलं, तिच्या जन्माचं काही तुम्हाला कळलं असेल, म्हणून खरं ते लिहिलं असेल. तसं असेल तर... मी काय करू? सौमित्र दोन दिवस जेवला नाही धड."

माझं हसू जागच्या जागी थिजलं. काश्यप म्हणजे रिकामं. पाच मिनिटांपूर्वी मीच ते फोनवर ग्वाल्हेरवाल्यांना समजावून सांगत होते. म्हणजे माझ्या पोरीनं गोत्राची जागा रिकामी सोडली होती.

"चूक झालीय, आम्ही भारद्वाजच," मी म्हटलं.

"मग तिला पुन्हा भरून पाठवू दे. तोंडी बदल चालत नाही, नियम तुमच्याच ह्यांचा आहे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मोहना गॅलरीतल्या झोपाळ्यावर, आमच्या हिंचक्यावर, बसली होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

"विसरलीस का ग गोत्र भरायला?"

"नाही."

"मग?"

तिनं पायानं हिंचका थांबवला. "भारद्वाज लिहिलं होतं आई. मग पुसलं. खरं तेच भरायचं ना? मला खरं माहीत नाही. ज्याला माहीत नाही त्याचं काश्यप, असं बाबाच म्हणाले. म्हटलं, मग मी त्यांच्यातलीच."

"अगं वेडे, तू आमची मुलगी!"

"तुमची आहेच ग. गोत्राची आहे की नाही ते मला कोणी सांगितलं नाही." मग ती म्हणाली, "म्हणजे एकदा सांगितलं होतं. जनार्दनकाकांकडे नवचंडी होती ना, मी सातवीत असताना? गुरुजींनी घरातल्या सगळ्या मुलांची नावं संकल्पात घ्यायला विचारली. काका म्हणाले, मोहनाचं नको, ती काही गोत्रातली नाही. मी बाबांकडे बघितलं. बाबा काही बोलले नाहीत."

मी तेव्हा आत पुरणपोळ्या लाटत होते. मला ह्यातला एक शब्द माहीत नव्हता. जनार्दनभाऊजी म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, दांडिया बाजारात राहतात. त्या पोळ्या त्यांनी कशा चापून खाल्ल्या होत्या ते मात्र मला लख्ख आठवलं, आणि माझं डोकंच फिरलं.

"ठीक आहे, झालं गेलं," मी कसाबसा आवाज आवरला. "आता ऊठ आणि भर भारद्वाज. तिकडे तो पोरगा उपाशी बसलाय."

तिचे डोळे भरून आले. "लग्न जमावं म्हणून भरू? मग ते खोटंच झालं ना आई. उंची वाढवल्यासारखं."

माझीच पोर. हट्टही माझाच घेतलाय.

हॉलमध्ये हे पेपर घेऊन बसले होते, पण पान उलटं होतं. म्हणजे सगळं ऐकलं होतं. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, "बारा वर्षांची पोर तुमच्या तोंडाकडे बघत होती, आणि तुम्ही गप्प बसलात?"

"दादाच्या घरी कार्य होतं. चार लोकांत तमाशा नको म्हणून..."

"तमाशा झाला असता तर परवडला असता! हवा गेली की तुमचा तो व्हॉल्व्ह बंद होतो ना, तसे बंद झालात तुम्ही. आणि पोरीनं ती रिकामी जागा इतकी वर्षं मनात ठेवली."

हे पेपराची घडी घालून उठले. त्या दिवशी जेवलेही नाहीत. मी आग्रह केला नाही, सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला होता आणि मोहना ऑफिसला जायला डबा भरत होती. हे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये आले आणि उभ्याउभ्याच फोन लावला. भाऊजींना ऐकायला कमी येतं, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं.

"दादा, मी भास्कर! ... नाही, कोणी गेलं नाही, सगळे बरे आहेत! ऐक! तुझ्याकडे नवचंडी झाली होती! ... न-व-चं-डी! ... हो, पुरणपोळ्या केल्या होत्या, तीच! तेव्हा तू म्हणालास, मोहना आपल्या गोत्रातली नाही! ... तू म्हणालास! मी तिथे होतो! मी तेव्हा गप्प बसलो, ते चुकलं माझं! आज सांगतो! मोहना माझी मुलगी आहे! जे माझं गोत्र ते तिचं गोत्र! भारद्वाज! ऐकू आलं का? भा-र-द्वा-ज!"

मोहना हातात डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डब्याचं झाकण कुठे गेलं होतं कोण जाणे.

पलीकडून भाऊजी काहीतरी बोलले. ह्यांनी फोन ठेवला आणि खाली बसले. कपाळाला घाम.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाला, मी असं बोललो होतो? मला तर आठवत नाही. भारद्वाजच की ती, एवढं ओरडतोस कशाला."

आठवत नाही! माझी पोर इतकी वर्षं ते उराशी धरून बसली आणि भाऊजींना आठवत नाही! मी फोनकडे धावलेच होते, भाऊजींची आणखी थोडी आठवण जागवायला, पण तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या हंसाबेन दारात, हातात झारा तसाच.

"सरोजिनीबेन, शुं थयुं? झघडो थयो?"

"ना रे हंसाबेन, ह्यांनी मुलीचं गोत्र सांगितलं."

"आखी सोसायटीने?"

"हो, अख्ख्या सोसायटीला," मी म्हटलं, आणि मला एकदम रडूच आलं. हंसाबेनना काय वाटलं कोण जाणे, त्या झाऱ्यासकट मला मिठी मारून मोकळ्या झाल्या.

हे मोहनाजवळ गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण ह्यांना असलं काही जमत नाही, म्हणून खांद्यावर थोपटल्यासारखं केलं. "मी भरणार नाही," हे म्हणाले. "नियम माझाच आहे. तुला पटलं तर तू भर. नाही पटलं तर रिकामं राहू दे, मी दुर्गाताईंच्या पाया पडून येतो."

मोहनानं डबा टेबलावर ठेवला आणि कॉम्प्युटर लावला. मी मागे जाऊन उभी राहिले. टॅग सगळे मराठीत, त्यामुळे तेवढं मलाही वाचता येत होतं. इकडे 'गोत्र', तिकडे 'गोत्र', मध्ये काही नाही. तिनं त्या मधल्या जागेत एकेक अक्षर करत भारद्वाज लिहिलं. मग मोडेम आरवला आणि फाईल गेली. त्या दिवशी ती ऑफिसला उशिरा पोचली, आणि डबा घरीच राहिला.

संध्याकाळी दुर्गाताईंचा फोन आला. "मशीन म्हणतंय जुळतं. माझा मुलगा गेले कित्येक महिने तेच म्हणतोय, पण त्याचं कोण ऐकतं! तारीख काढा."

पुढे मोहनानं तो काश्यपाचा नियम काढून टाकला. आता गोत्र रिकामं असलं तर रिकामंच राहतं, आणि ते मुलामुलींना फोन करून विचारायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात आलं. ह्यांनी कुरकुर केली नाही. उलट मी फोन करत असले की चहा आणून देतात.

लग्न मार्गशीर्षात इथे बडोद्यातच झालं. जनार्दनभाऊजी पहिल्या रांगेत, नवं उपरणं घेऊन. कन्यादानाला बसलो. गुरुजींनी पळीत पाणी घेतलं आणि ह्यांच्याकडे बघून विचारलं, "वधूचं गोत्र?"

"भारद्वाज," मोहना म्हणाली. चांगलं खणखणीत, भाऊजींनाही ऐकू जाईल असं.

गुरुजी हसले. "तू नाही ग बाळ, हे वडिलांनी सांगायचं असतं."

"नाही गुरुजी," हे म्हणाले. चष्मा काढून पुसत होते. "जिचं तिनंच भरायचं. नियम आहे."